माशाने हुक गिळला तर? पकडून सोडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळाने मासा धरायचा, डोळे भरून पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, हा छंद असणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते एकाच प्रसंगाबद्दल: हुक ओठात न लागता घशात गेला, आता काय करू? पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, आणि एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मासा आत्ता तुमच्या हातात असेल तर बाकी सगळं सोडा आणि थेट प्रश्न २ वाचा.

१. हुक "गिळला" असं नेमकं कधी म्हणायचं? तोंडाच्या आत दिसला की झालं का?

नाही. ओठात, जबड्याच्या कोपऱ्यात किंवा टाळूच्या पुढच्या भागात लागलेला हुक तोंडाच्या आत असला तरी साधाच. जिभेच्या मागे गेला की गोष्ट बदलते. माशाचं तोंड हळूच उघडून उजेडाकडे धरलंत तर दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या कमानी दिसतील, त्यांच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. त्यांच्यामध्ये, अगदी मागे, घशाचं आवळलेलं भोक असतं. हुक या कमानींना लागला असेल, भोकाच्या कडेला रुतला असेल किंवा आत उतरून नुसती दोरीच दिसत असेल, तर तो गिळलेला हुक. टाळूतून वर डोळ्याच्या खोबणीत शिरलेला हुकही मी याच वर्गात धरतो, कारण तिथेही ओढाताण केली की नुकसान कायमचं होतं.

२. हुक घशात आहे. काढू की दोरी कापू?

दोरी कापा. अपवाद आहेत, ते प्रश्न ६ मध्ये दिले आहेत, पण शंका असेल तेव्हा उत्तर हेच.

"हुक आत ठेवून सोडणं क्रूर नाही का?" असं पुढे लगेच विचारलं जातं. मनाला तसं वाटतं खरं. आपल्यामुळे आत गेलेलं लोखंड आपणच बाहेर काढावं, हा सरळ माणसाचा विचार आहे. पण माशाच्या बाजूने पाहिलं तर ते काढण्याची खटपटच जास्त जीवघेणी ठरते. ब्लूगिल या गोड्या पाण्यातल्या लहान माशावर कॅनडातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका याच प्रश्नावर होता. घशात हुक गेलेल्या माशांपैकी काहींचा हुक काढला, काहींची फक्त दोरी कापली आणि सगळ्यांवर नजर ठेवली. दहा दिवसांत हुक काढलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के मासे मेले. दोरी कापलेल्यांपैकी मेले सुमारे साडेबारा टक्के. जातीप्रमाणे, हुकाच्या आकाराप्रमाणे आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे हे आकडे बदलतात, पण इतर जातींवरच्या अभ्यासांतही पारडं बहुतेक वेळा दोरी कापण्याच्याच बाजूला झुकतं.

३. ओठातला हुक काढला तर मासा मजेत पोहत जातो. मग घशातला काढण्यात एवढं काय आहे?

माशाचं हृदय पुढे असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ते घशाच्या खालच्या बाजूला, कल्ल्यांच्या लगेच मागे असतं. हृदयातून निघालेलं सगळं रक्त आधी कल्ल्यांत जातं आणि तिथे प्राणवायू घेऊन मग शरीरभर फिरतं. म्हणजे कल्ल्याची एक कमान फाटली तर ऐन दाबाखालची रक्तवाहिनी फुटते. अन्ननलिकेची भिंत फाटली तर टोक हृदयापर्यंत किंवा यकृतापर्यंत पोचायला फार अंतर उरत नाही. शिवाय हे रक्त आतल्या आत वाहतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, मासा पोहत जातो आणि तासाभराने तळाशी जाऊन मरतो. आपल्याला ते कधी कळतही नाही.

४. आत राहिलेल्या हुकाचं पुढे काय होतं? दोन-तीन दिवसांत गंजून विरघळतो असं ऐकलंय.

दोन-तीन दिवसांत कुठलाही हुक विरघळत नाही. ही समजूत सोयीची आहे म्हणून टिकली आहे. होतं ते असं: हुकाभोवतीचं मांस हळूहळू सैल पडतं, हुक कमकुवत होत जातो आणि एक दिवस सुटून तोंडातून किंवा शौचाच्या वाटेने बाहेर पडतो. कधी शरीर त्याच्याभोवती घट्ट आवरण तयार करून त्याला तिथेच बंद करतं. प्रश्न २ मधल्या त्याच अभ्यासात दोरी कापलेल्या माशांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनी दोन दिवसांत आणि सुमारे ७१ टक्क्यांनी दहा दिवसांत हुक बाहेर टाकला होता. ते हुक गंजून नाहीसे झाले नव्हते, माशांनी ते टाकून दिले होते.

हे घडेल की नाही, ते हुक कशाचा आहे यावर बरंच अवलंबून असतं. साध्या कार्बन स्टीलचा, ब्राँझ रंगाचा हुक लवकर गंजतो. जाड मुलाम्याचा जास्त टिकतो. स्टेनलेस स्टीलचा तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. टायगर शार्कवरच्या २०२० मधल्या एका अभ्यासात स्टेनलेस हुक सात वर्षांहून जास्त काळ जबड्यात अडकून राहिल्याची नोंद आहे, तर गंजणारे हुक साधारण अडीच वर्षांत गळून पडले. सोडायच्या मासेमारीत स्टेनलेस हुक वापरू नयेत, याबद्दल माझ्या मनात काही दुमत नाही.

५. दोरी कुठे कापायची? बाहेर थोडी ठेवली तर पुढे कुणाला हुक काढता येईल ना?

हुकाच्या नेढ्याला जितकी खेटून कापता येईल तितकी कापा. लोंबती दोरी झाडोऱ्यात, दगडांत अडकते आणि प्रत्येक हिसका थेट घशातल्या जखमेवर बसतो. मासा मेलाच तर ती दोरी पाणपक्ष्याच्या पायात किंवा पोटात जाते.

पण "खेटून" याचा अर्थ हुक वर यावा म्हणून दोरी ओढायची असा नाही. एका हाताने दोरी नुसती सरळ ठेवा, ताण देऊ नका. लांब दांड्याचा कटर तिच्या कडेने आत सरकवा आणि जिथपर्यंत टोक सहज पोचेल तिथे कापा. विणलेली दोरी साध्या चिमट्याने तुटत नाही, तिला धारदार कटर लागतो. स्टीलच्या तारेचा लीडर (हुकाला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा) असेल तर तार कापणारी पक्कड जवळ हवीच. दात तीक्ष्ण असलेल्या माशांसाठी तारेचा लीडर लावायचा आणि तो कापायची सोय मात्र ठेवायची नाही, हे बऱ्याचदा घडतं.

६. मग गिळलेला हुक कधीच काढायचा नाही का?

काढायचा, पण मोजक्या वेळीच.

हुक घशाच्या तोंडाशी आहे, नेढं आणि दांडा स्पष्ट दिसतोय, फक्त पातळ कातडीत टोक आहे आणि रक्त नाही, अशा वेळी लांब चिमट्याने दांडा धरून तो ज्या वाटेने आत शिरला त्याच वाटेने मागे सरकवून पाहा. प्रयत्न एकदाच करायचा. सुटला तर उत्तम, अडला तर लगेच कटर. "अजून एकदा पाहतो" म्हणताच तुम्ही ४४ टक्क्यांच्या बाजूला गेलात (प्रश्न २).

दुसरी वेळ नकली आमिषाची. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं अख्खं आमिष दोन ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकांसह घशात गेलं तर ते तसंच ठेवून मासा सोडणं शक्य नसतं. इथे हुक ओढू नका, हुकच कापा. लहान बोल्ट-कटरने ट्रेबलचे रुतलेले दांडे कापायचे, आमिषाचा सांगाडा बाहेर काढायचा आणि रुतलेली टोकं आतच राहू द्यायची. आमिषाचे दोन्ही हुक गमवावे लागले तरी चालेल.

तिसरी वेळ म्हणजे हुकाचा दांडा असा आडवा पडला आहे की तोंड मिटत नाही किंवा कल्ल्याचं झाकण हलत नाही. तसा मासा श्वासच घेऊ शकणार नाही, म्हणून दांडा कापून वाट मोकळी करावी लागते.

शिशाचं डोकं असलेला जिग (हुकालाच वजन जोडलेलं आमिष) पोटात गेला तर काय, हाही प्रश्न येतो. तरीही दोरीच कापा. पण असा मासा पक्ष्याने खाल्ला तर शिसं पक्ष्याच्या पोटात जातं आणि त्याने पक्षी मरतात. हंसांच्या अशा मृत्यूंमुळेच ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टंगस्टन किंवा बिस्मथचे पर्याय मिळतात, तेच वापरावेत.

७. कल्ल्याच्या फटीतून चिमटा घालून हुक उलटवायची पद्धत चांगली आहे का?

सराव असलेल्या हातात चांगली आहे, एरवी नाही. पद्धत अशी: दोरी ढिली सोडायची, कल्ल्याच्या झाकणामागच्या शेवटच्या फटीतून बारीक चिमटा आत न्यायचा, घशात रुतलेल्या हुकाचा दांडा नेढ्याजवळ धरायचा आणि हळूच आडवा फिरवायचा. हुकाची वळलेली बाजू घशाकडून तोंडाकडे येते, टोक आपोआप सुटतं आणि मग हुक तोंडातून काढता येतो. मोठ्या तोंडाच्या, रुंद फटींच्या माशांत हे काही सेकंदांत होतं.

अडचण अशी की चिमटा कल्ल्यांच्या लाल तंतूंना खेटून जातो. ते तंतू इतके नाजूक असतात की कोरड्या बोटानेही फाटतात. सोडायच्या माशावर ही पद्धत शिकू नका. खाण्यासाठी ठेवलेल्या, आधीच मारलेल्या माशावर हात बसवा. लहान माशांत, अरुंद फटींच्या माशांत आणि हुक पूर्ण पोटात उतरला असेल तेव्हा हिचा विचारही नको.

८. बोटाने काढला तर? बोटाला जाणवतं तरी हुक कुठे आहे ते.

बोट घालू नका, माशासाठीही आणि तुमच्यासाठीही. रोहू, कटला, महसीर हे सगळे कार्पच्या कुळातले. यांच्या जबड्यात दात नसतात म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण त्यांचे दात घशात असतात आणि ते शिंपले फोडण्याइतके मजबूत असू शकतात. मरळ, शिंगाळा यांच्या तोंडातले दात तर दिसतातच.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच: लांब चोचीचा चिमटा, धारदार कटर, लहान माशांसाठी टोकाला खाच असलेली हुक काढायची काडी आणि रबरी, बिनगाठीचं हातजाळं. या पिशवीच्या तळाशी असून उपयोग नाही. पहिला गळ पाण्यात पडायच्या आधी हाताशी हव्यात. मासा धडपडत असताना पिशवी उपसण्यात गेलेलं मिनिट माशाच्या खात्यातून जातं (प्रश्न ११).

९. कल्ल्यातून रक्त येतंय. काय करू?

आधी त्याला पाण्यात ठेवा. हवेत धरून रक्त थांबायची वाट पाहणं म्हणजे जखमेवर गुदमरणं चढवणं. हातजाळ्यात, पाण्याखाली, हात न लावता धरा आणि पाहा. कल्ल्याच्या कडेने बारीक लाल धूर निघून थोड्या वेळात विरत असेल तर रक्त गोठू लागलं आहे आणि अशा माशाला खरी संधी असते. कल्ले गडद लाल राहिले पाहिजेत. रक्त धारेने येत असेल आणि कल्ले फिके, गुलाबी, मग जवळजवळ पांढरे पडत चालले असतील, तर तो मासा वाचण्याची शक्यता फारच कमी. तिथे प्रश्न १४ लागू होतो.

कापूस, कापड, बोटाने दाबणं, यातलं काही करू नका.

१०. रक्त थांबवायला कल्ल्यावर कोल्ड्रिंक ओततात, त्याचा व्हिडिओ पाहिलाय. खरं आहे का?

त्याने फायदा होत नाही. कॅनडात पाइक माशांवर ही गोष्ट तपासली गेली. दोन प्रकारची बाजारातली फसफसणारी पेयं आणि फसफसवलेलं साधं पाणी कल्ल्यावर ओतून पाहिलं आणि काहीही न ओतलेल्या माशांशी तुलना केली. रक्त थांबायला लागणारा वेळ काही कमी झाला नाही. व्हिडिओत रक्त थांबल्यासारखं दिसतं, पण तेवढ्या वेळात ते एरवीही थांबत आलेलं असतं. आणि ओतायला म्हणून मासा हवेत धरावा लागतो, ते नुकसान वेगळंच.

११. पाण्याबाहेर किती वेळ चालतो? एक फोटो तरी?

हुक गिळलेल्या माशाचा फोटो नको. हे माझं ठाम मत आहे.

वेळेचं गणित रेनबो ट्राउटवरच्या १९९२ मधल्या एका प्रयोगाने स्वच्छ दाखवलं. दमेपर्यंत पळवलेल्या, पण पाण्याबाहेर न काढलेल्या माशांपैकी ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ६२ टक्के जगले. ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी फक्त २८ टक्के. ट्राउट नाजूक असतो, सगळ्याच जाती इतक्या लवकर मरत नाहीत. पण त्या माशांच्या घशात हुक नव्हता, हेही लक्षात घ्या.

माझा मापदंड असा: मासा उचलताना स्वतःचा श्वास धरायचा, सोडावासा वाटला की मासा पाण्यात. दोरी कापणं तर पाण्यातच होतं, जाळ्यात मासा ठेवून. हात आधी ओले करा, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं संरक्षण आहे. धरायचा तो आडवा, पोटाखाली एक हात देऊन. जबड्याने उभा लटकवला की आतल्या अवयवांचं वजन थेट जखमेवर येतं.

१२. सोडण्याआधी कसं ओळखायचं की हा जगेल?

खात्री कुणी देऊ शकत नाही, पण शरीर बरंच सांगतं. पाण्यातच, हात ओले ठेवून, या गोष्टी पाहा. मासा हळूच कुशीवर वळवला तर निरोगी माशाचा डोळा पाण्याच्या पातळीशी सरळ राहायला धडपडतो, शरीर वळलं तरी बाहुली वळत नाही. डोळा शरीराबरोबर रंगवल्यासारखा फिरला तर अवस्था वाईट. शेपटीला धरलं तर तो सुटायला झटका देतो का? उताणा केला तर स्वतःहून सरळ होतो का? कल्ल्याची झाकणं एका लयीत हलतात का? मासेमारी शास्त्रातही सोडलेला मासा मरेल की जगेल याचा अंदाज अशाच प्रतिक्षिप्त क्रिया तपासून बांधतात. यातल्या बहुतेक जाग्या असतील तर लगेच सोडा, आणखी तपासत बसू नका.

१३. उताणा पडतोय. पुढे-मागे हलवून पाणी पाजू का?

मागे ओढू नका. कल्ल्यांतून पाणी तोंडाकडून मागे वाहतं, उलट्या दिशेचं पाणी त्यांना सोसत नाही. वाहत्या पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून नुसता आधार द्या. साचलेल्या पाण्यात हलक्या वळणांनी पुढेच न्या. फार जोराच्या धारेत धरू नका, दमलेला मासा तिथे आणखी दमतो. स्वतः शेपटी मारून निघाला की जाऊ द्या, ढकलू नका. पाणी कोमट असेल तर आधीच त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून भर उन्हाळ्यात हा सगळा खटाटोप अपयशी ठरण्याची शक्यता वाढते.

१४. तो वाचणार नाही असं दिसतंय. तरी सोडायचा?

इथे दोन वाटा आहेत आणि कोणती घ्यायची ते त्या पाण्याचा नियम ठरवतो.

मासा ठेवायची परवानगी असेल, म्हणजे आकार, हंगाम आणि जात नियमात बसत असेल, तर त्याला तिथेच, लगेच, नीट मारा आणि खा. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला, जड दांडक्याचा एक नेमका घाव. गरज पडली तर दुसरा. मग कल्ले कापून रक्त काढा. पिशवीत टाकून गुदमरू देणं किंवा जिवंतच बर्फावर ठेवणं, यांनी मरण लांबतं. "मी पकडून सोडणारा आहे, मी मारत नाही" असं म्हणत मरणारा मासा पाण्यात ढकलणं मला पटत नाही. त्यात स्वतःचे हात स्वच्छ राहतात, माशाचं काही भलं होत नाही.

नियम ठेवू देत नसेल, तर कितीही वाईट वाटलं तरी सोडावाच लागतो. "मरणारच आहे" ही सबब एकदा चालली की प्रत्येक लहान आणि संरक्षित माशाला चालेल. दोरी खेटून कापा, सावकाश पाण्यात ठेवा आणि नंतर प्रश्न २० वाचा.

१५. खोल समुद्रातून काढलेल्या माशाच्या तोंडातून फुगा बाहेर आला. हुक त्यातच आहे. हे गिळणं आहे का?

तो फुगा म्हणजे बहुतेक वेळा त्याचं पोट. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, आतल्या हवेच्या पिशवीतला वायू फुगतो आणि पोट उलटं होऊन तोंडातून बाहेर ढकललं जातं. मुळात पोटात रुतलेला हुक त्यामुळे बाहेर दिसतो आणि सोपा वाटतो. तरी ओढू नका. पोटाला भोकही पाडू नका, त्याने वायू सुटत नाही. दोरी कापा आणि माशाला वजनाच्या साधनाने पुन्हा खोलवर नेऊन सोडा, तिथल्या दाबाने वायू आवळतो आणि पोट जागेवर जायला मदत होते. अशा साधनाला डिसेंडर म्हणतात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाचे मासे धरणाऱ्यांना डिसेंडर किंवा वायू सोडायची सुई जवळ बाळगणं २०२२ मध्ये सक्तीचं झालं. सुईपेक्षा डिसेंडर बरा, कारण चुकीच्या जागी टोचायचा प्रश्नच येत नाही.

१६. हुक गिळलाच जाऊ नये म्हणून काय करता येईल?

वरच्या सगळ्या उत्तरांपेक्षा हे महत्त्वाचं आहे, कारण घशातल्या हुकाला चांगलं उत्तर नसतंच, फक्त कमी वाईट उत्तर असतं.

सगळ्यात मोठा फरक आमिषाने पडतो. खरं खाद्य चवीला, वासाला खरं असतं, म्हणून मासा ते तोंडात घेऊन आत ओढतो. नकली आमिष त्याला लगेच खोटं वाटतं आणि तो थुंकायच्या बेतात असतानाच हुक लागतो. ट्राउटवरच्या अभ्यासांचा १९७७ मध्ये घेतलेला आढावा असं सांगतो की खऱ्या आमिषाने धरून सोडलेल्यांपैकी सरासरी सुमारे २५ टक्के मासे मेले, नकली आमिषाने सुमारे ६ टक्के आणि फ्लायने (पिसं-धाग्यांच्या नकली माशीने) सुमारे ४ टक्के. सोडायचेच असतील तर गांडूळ, कोळंबी, पिठाची गोळी बाजूला ठेवणं हा सगळ्यात साधा उपाय आहे.

खरं आमिष वापरायचंच असेल तर ढिल्या दोरीशी वैर धरा. रॉड स्टँडला लावून, घंटी बांधून गप्पा मारत बसलं की घंटी वाजेपर्यंत हुक पोटात गेलेला असतो. दोरी हलक्या ताणात, काठी हातात, नजर तरंगावर. टोचणी जाणवताच, म्हणजे मासा आमिष घेऊन वळायच्या आधीच, हुक लावा. "नीट गिळू दे" हा सल्ला मासा घरी न्यायचा असतो तेव्हाचा आहे. एका माणसाने एका वेळी एकच काठी सांभाळावी, असंही मला वाटतं.

हुक अगदी लहान घेऊ नका, लहान हुक सहज गिळला जातो. आणि खऱ्या आमिषासाठी सर्कल हुक वापरा. याचं टोक दांड्याकडे आत वळलेलं असतं, त्यामुळे घशात गेला तरी तिथे सहसा रुतत नाही. दोरी ताणली की सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यावर फिरून तिथे बसतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर बिलफिशच्या (भाल्यासारख्या चोचीच्या मोठ्या माशांच्या) स्पर्धांत नैसर्गिक आमिषासाठी सर्कल हुक २००८ पासून आणि पट्टेदार बाससाठी २०२१ पासून सक्तीचे झाले, ते याच कारणाने.

१७. सर्कल हुक लावूनही मासे गिळतातच. माझं काय चुकतंय?

बहुधा हिसका. इंग्रजी J च्या आकाराच्या साध्या हुकाची सवय असलेला हात टोचणी लागताच वर उसळतो आणि सर्कल हुक एकतर निसटतो किंवा असेल तिथेच, घशात, रुतवला जातो. इथे हिसका द्यायचाच नाही. दोरी तणावाने जाऊ लागली की फक्त रीळ स्थिर फिरवत राहा, वजन आलं की हुक स्वतः बसतो.

हिसका नसेल तर हुक निरखा. सपाट टेबलावर ठेवल्यावर टोक बाजूला वळलेलं असेल तर तो ऑफसेट हुक आहे, त्यात सर्कलचा बराचसा फायदा जातो. ऑफसेट नसलेला घ्या. शिवाय आमिषाने हुकाचा पोकळ भाग गच्च भरला असेल तर फिरायला जागाच राहत नाही. आणि ढिल्या दोरीचं विष सर्कल हुकालाही उतरवता येत नाही.

१८. बार्ब (टोकामागचा उलटा काटा) नसलेला हुक वापरला की गिळण्याचा धोका कमी होतो का?

गिळण्याचा नाही, पुढचा. मासा बिनबार्बचा हुकही तितकाच खोल घेऊ शकतो. पण तो निघताना मांस फाडत नाही, हाताळणी कमी वेळात उरकते, आणि प्रश्न ६ मधला "एकच प्रयत्न" यशस्वी व्हायची शक्यता बरीच वाढते. घशात सोडावा लागला तरी सुटायला सोपा. वेगळा विकत घ्यायला नको, असलेल्या हुकाचा बार्ब पक्कडीने चेपला तरी पुरतं.

१९. मरळ, मागूर तर हवेतही श्वास घेतात. त्यांना हे नियम का?

हवेत तग धरायची त्यांची ताकद मोठी आहे, त्यामुळे प्रश्न ११ मधले सेकंद त्यांना तसेच्या तसे लागू नाहीत. पण फाटलेला घसा, हृदयाजवळची जखम, पुसला गेलेला बुळबुळीत थर, यात त्यांना काही सूट नाही. उलट हे मासे बाहेर बराच वेळ वळवळत राहतात म्हणून लोक त्यांच्या घशात जास्त वेळ कोरत बसतात. दोरीच कापा.

२०. आज एकामागून एक मासे हुक गिळतायत. थांबायचं का?

आधी पद्धत बदला: आमिष, हुकाचा आकार, दोरीचा ताण, यातलं काहीतरी. बदलूनही पुढचा मासा पुन्हा गिळून आला तर त्या दिवशी थांबा. माशांची भूक, पाण्याचं तापमान, पाण्याचा गढूळपणा, कारण काही असो. सोडलेल्या प्रत्येक माशाला परवान्यातल्या मर्यादेतून सूट मिळते खरी, पण दिवसभरात वीस मासे धरून सोडणाऱ्याच्या हातून, चार ठेवून घरी जाणाऱ्यापेक्षा जास्त मासे मरू शकतात. हे मान्य करायला जड जातं.

२१. माशाला वेदना होत असतील तर पकडून सोडणंच चूक नाही का?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू दाखवले. ओठांत आम्ल टोचलेल्या माशांनी ओठ खड्यांवर घासले आणि बराच वेळ खाणं टाळलं. याला आपल्यासारखी वेदना म्हणावं का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. स्वित्झर्लंडमध्ये सोडायच्या उद्देशाने मासा धरायलाच कायद्याने मनाई आहे. जर्मनीत पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला योग्य कारणाशिवाय वेदना देता येत नाहीत आणि नुसतं सोडण्यासाठी धरणं हे योग्य कारण सहसा मानलं जात नाही.

मी स्वतः मासे धरून सोडतो, आणि हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. घशातल्या हुकापाशी तर तो सगळ्यात खरा असतो. म्हणून मी स्वतःला घातलेली अट अशी आहे: ज्या पाण्यात, ज्या जातीवर, हुक क्वचितच खोल जाईल अशी पद्धत मला जमत नाही, तिथे सोडण्यासाठी म्हणून गळ टाकायचा नाही.

२२. मासा जोरात पोहत गेला. म्हणजे जगला ना?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. बरेच मृत्यू पहिल्या एक-दोन दिवसांत होतात, आपल्या नजरेआड.

२३. माझ्या गळाला लागलेल्या माशाच्या घशात आधीच कुणाचा तरी जुना हुक होता. काढून टाकू का?

आधी चांगली बाजू पाहा: हा मासा जगला, खातोय, म्हणून तर पुन्हा गळाला लागला. मग जुन्या हुकाकडे नीट बघा. लोंबती दोरी असेल तर ती नेढ्याशी कापा, इतकं नक्की करा. हुक गंजून काळा-तांबडा झाला असेल आणि चिमटा लावताच डगमगत असेल, तर हलका धक्का देऊन पाहा, तो सुटायलाच आलेला असतो. भोवती मांस वाढून हुक घट्ट बसला असेल, तर माशाने त्याच्याशी जुळवून घेतलं आहे. ती भरलेली जखम पुन्हा उघडू नका. तुमचा स्वतःचा हुक ओठात असेल तर तेवढाच काढा आणि मासा पाण्याबाहेर न आणता सोडून द्या.